हात पुढे की मागे

तुम्ही त्या वेळी पाण्यात खालीच बघत होतात ना — मग मला एवढंच सांगा, त्यानं हात पुढे केला की मागे घेतला?

नाही, उठू नका, बसा. बाकडं ओलं झालं तर होऊ दे, मीच पुसते रोज. मी इथलीच. हे मास्क, या नळ्या, पायातले रबरी पंख, सगळ्या फेऱ्यांचं सामान मीच धुते गोड्या पाण्यात, म्हणून तर हे माझ्या हाती लागलं. तुमचंच ना? डाव्या पायातलं. बघा, टोकाशी — कसे ओळीनं दात उमटलेत, जसा कुणी पाव चावून बघितला आणि परत ठेवून दिला. पायाला काही नाही ना? बोटं हलवून दाखवा. देवा, तुझे उपकार. पाणी घेता? नको? बरं. मला रेमी आंटी म्हणतात इथं, हालेइवा बंदरात कुणालाही विचारा. आणि तो तुमच्या बाजूनं पोहत होता ना, केसांचा बुचडा बांधलेला, छातीवरचे केस पांढरे झालेले — पालानी — तो माझा नवरा.

तर सांगा ना. हात. मोकेनं बोटीत सगळं समजावलंच असेल, दर फेरीला तो तेच बोलतो, तेच विनोद करतो — ‘आमच्याकडे पिंजरा फक्त खेकड्यांना, माणसं मोकळी!’ — मोके म्हणजे कप्तान, माझा धाकटा दीर, बोट त्याचीच. दोर धरून राहा, पाय आपटू नका, अंगठ्या काढून ठेवा, शार्क आला तर त्याच्या डोळ्यांत बघा, बाकीचं आमच्या माणसावर सोडा. आणि आमचा माणूस काय करतो? काही नाही. शार्क जवळ आला की तळहात पुढे करतो, त्याच्या नाकाडावर ठेवतो आणि दार लोटावं तसा बाजूला लोटतो. मारत नाही, रागावत नाही. फक्त हात मागे घ्यायचा नाही, एवढा एकच नियम. हात मागे गेला की त्याला कळतं, वाट मोकळी आहे. पालानीनं जन्मभर हेच केलंय, पोराला हेच शिकवलं. मग आज तुमच्या पायापर्यंत तो आलाच कसा?

हं. मागे घेतला.

आणि मग? सांगा, मी रडणार नाही. — उघडा ठेवला? असा? तळवा वर? असा — कुणाला ये म्हणावं तसा. हं.

तुम्ही मोकेची वाट बघताय, ते कळलं मला. दुपारची फेरी घेऊन गेलाय, येईल आता. पालानीही त्याच्याबरोबर आहे, हो, परत पाण्यात. आणि तुम्हाला वाटतंय, ही बाई नवऱ्याची नोकरी वाचवायला आली, आता पाया पडणार, तक्रार करू नका म्हणणार. उलट आहे हो! करा. ओरडून करा. हे रबर मोकेच्या नाकासमोर धरा आणि म्हणा, या म्हाताऱ्याला आधी पाण्याबाहेर काढ. मी सांगून थकले. मला म्हणतो, ‘वहिनी, तू मास्क धू, समुद्राचं आम्ही बघतो.’ खरंच आहे त्याचं, मला पोहतासुद्धा येत नाही. माझे वडील इलोकोसहून, पार दुसऱ्या देशातून, ऊस तोडायला इथं आले, मी वायालुआच्या उसात वाढले, आमच्या घरी पाणी म्हणजे बादलीतलं. समुद्राबद्दल मी बोलायचं म्हणजे हसायला कारण. पण पाहुणी बोलली ना, तर मोके बोटीचा रंगसुद्धा बदलेल. गेल्या वर्षी कुणी म्हणालं शिडी घसरते, तर दुसऱ्या दिवशी नवी शिडी! मी तीन वर्षं त्या शिडीबद्दल बोलत होते.

का म्हणजे? बाहेर का काढायचा म्हणजे?

आम्हाला एक मुलगा होता. कामालू. तोही याच बोटीवर, बापाच्या शेजारी. — नाही, नाही, शार्कनं नाही! सगळ्यांना आधी तेच वाटतं. समुद्रानं त्याला एकदाच ओरखडा काढला, लहान असताना, प्रवाळावर आपटला तेव्हा, डाव्या कानामागे, असा लांब. बस. तो गेला रस्त्यावर. तो पूल आहे ना पांढऱ्या कमानींचा, तुम्ही सगळे थांबून फोटो काढता तो — तिथं, रस्ता ओला होता, मोटरसायकल घसरली. घरापासून हाकेच्या अंतरावर.

मला त्याला वायालुआच्या चर्चमागे ठेवायचं होतं, माझ्या आईवडिलांशेजारी. पण पालानीच्या घराण्याचं वेगळं आहे. त्यांचे पूर्वज शार्क होतात. — हसू नका. नाही हसलात, माफ करा, लोक हसतात म्हणून म्हटलं. त्यांच्यात गेलेल्या माणसाला झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळतात, आवा नावाच्या झुडपाच्या मुळीचं पाणी शिंपडतात आणि घराण्याच्या समुद्रात सोडतात. मग तो शार्क होऊन आपल्या माणसांना राखतो. अंगावरच्या खुणेवरून त्याला ओळखायचं. त्यांच्या घरात शार्कचं मांस कुणी तोंडाला लावणार नाही, आपल्या आजोबाला कोण खाईल? आता देह सोडू देत नाहीत, जाळून राख सोडतात. तर मी म्हटलं, ठीक आहे, बाप आहे, राख त्याला घेऊ दे. चर्चमागे मी कामालूचा एक शर्ट पुरला. वर दगडावर नाव आहे. खाली शर्ट आहे.

मग बरेच महिने काही नाही. आणि एक दिवस हा घरी आला, निथळत, चपला हातात, आणि दारातूनच म्हणाला, ‘रेमी, तो आलाय.’ म्हटलं, कोण? ‘डाव्या कल्ल्यामागे खूण आहे. लांब. तीच.’ मी ओल्या फरशीवर तशीच बसले. मोके त्याला म्हणाला, ‘अरे दादा, ती मादी आहे, पोटाखाली बघ की जरा!’ तिथल्या मोठ्या सगळ्या माद्याच आहेत, तुम्हालाही सांगितलं असेल त्यानं. तर पालानी म्हणतो, ‘मेल्यावर कसलं आलंय नर नि मादी.’ आणि ती खूण कसली असेल हो, कुठल्या तरी बोटीचा पंखा लागला असेल. खेकडेवाले जुनं आमिष पाण्यात टाकतात, म्हणून इंजिनाचा आवाज आला की हे सगळे खालून वर येतात. पोटासाठी येतात. मायेनं कोण येतंय? मला कळतं हे, मी काही वेडी नाही.

बाकी सगळ्यांना तो लोटतो. त्या एकाला लोटत नाही. कसा लोटेल सांगा ना — पोरगा दारात आल्यावर तोंडावर तळहात ठेवून मागं लोटतं का कुणी?

आणि उद्या वर्ष होतंय. वर्षाला दुखवटा सुटतो, माझ्या माणसांतही आणि त्याच्याही, तेवढं एक आमचं जमतं. काळे कपडे उतरवायचे, लोकांना जेवू घालायचं, झालं, रडणं संपलं. मी डुक्कर सांगून ठेवलंय, चर्चमधून खुर्च्या आणल्यात. काल जेवताना त्याला म्हटलं, सकाळची फेरी सोड, माणसं येतील. तर म्हणतो, ‘तुम्ही जेवा. मी त्याच्याकडे जाईन.’ जाईन म्हणजे? तर म्हणतो, ‘तो मला वाट दाखवतो, रेमी. थोडा खाली जातो, थांबतो, वळून बघतो. मी येतोय का ते बघतो. मलाच श्वास पुरत नाही, मी परत वर येतो.’ आणि हसला. भात कालवत कालवत म्हणाला, ‘उद्या श्वासाकडे बघणार नाही.’ मीठ मागावं ना, इतकं सहज.

मोकेला सांगितलं हेही. ‘दादा थट्टा करतो, वहिनी.’ थट्टा! तीस वर्षं मी या माणसाशेजारी झोपते, त्याची थट्टा मला कळत नाही? थट्टा करताना तो माझ्याकडे बघतो. काल ताटाकडे बघत होता. पोरी — तू म्हणते हं तुला, कामालूपेक्षाही लहान दिसतेस — उद्या सकाळी तो पाण्यात उतरला तर वर यायचा नाही. मला दगडाखाली दुसरा शर्ट पुरायला लागेल. त्याचे शर्ट तरी किती आहेत, दोन, तेही मीच रफू केलेले. तू बोल. तू नाही बोललीस तर कुणी नाही बोलणार.

तो काही खातसुद्धा नाही आता. सकाळी मी दोन डबे देते, दोन्ही रिकामे परत येतात, आणि माणूस बघावा तर खांद्याची हाडं वर आलेली. भात, तळलेला मासा, वर पान बांधून देते. जातं कुठं सगळं? मला काय कळत नाही? इथं शार्कना खायला घालणं गुन्हा आहे, कुणी बघितलं तर मोकेची बोट बंद होईल, तरी हा आपला —

काय?

काय म्हणालीस?

दोन का देते.

आमच्यात पान वाढतात ग. इलोकानो घरांत, माझ्या वडिलांकडच्या. गेलेल्याचं पान, आधी त्याचं, मग आपलं. मी टेबलावर वाढायची, खिडकीकडच्या खुर्चीपुढे. संध्याकाळी गार झालेलं उचलून टाकायची. रोज टाकायची. एक दिवस पालानी म्हणाला, ‘तो टेबलापर्यंत कसा येईल? दे, मी पोचवतो.’ आणि मी दिलं. काय करू, बरं वाटलं मला. डबा रिकामा आला, आत खारट पाण्याचा वास, मी झाकण उघडून कितीतरी वेळ नाकाशी धरून बसले होते. आपलं पोर जेवलं, असं वाटलं. तेव्हापासून मी माशातले काटे काढते. कामालूला काटे चालायचे नाहीत, एकदा घशात अडकला होता त्याच्या, तेव्हापासून मोठा झाला तरी आधी माझ्याकडे बघायचा, काढलेस ना ग म्हणून. शार्कसाठी काटे काढलेला मासा! हस. हस ना तू. मोके म्हणतो, हे एरवी माणसाच्या हाताशी येत नाहीत, हातातून खायला मिळालं की मग येतात, उघडा हात दिसला की सरळ —

नाही. हे मी बोलले नाही. हे तू ऐकलं नाहीस.

एक विचारू? तू त्याच्या डोळ्यांत बघितलंस ना, मोकेनं सांगितलं होतं तसं. कसा दिसला? वाळलेला नाही ना? अंग भरलेलं होतं? आणि ती खूण — चिघळली नाही ना, भरत आलीय? पाण्यात जखम भरते का ग लवकर? आणि मला हे सांग, त्यानं तुला का सोडलं? बघ हे रबर, एवढंसं टोक धरलं आणि सोडलं. धरून ठेवता आलं असतं की त्याला. कामालूचं अगदी असंच असायचं, दात येत होते तेव्हा, कडकडून चावायचा आणि लगेच सोडून तोंडाकडे बघायचा, दुखलं का म्हणून —

मी काय बोलतेय.

ती बघ बोट. वळली बघ, लाटा फुटतात तिथून आत आली. पुढं कोण उभं आहे? माझ्या डोळ्यांवर ऊन येतंय, तू बघ. दोघं आहेत ना? मोके चाकाशी, आणि पुढं दोर घेऊन — बुचडा आहे ना डोक्यावर? नीट बघ. आहे? आला वर. आजचा दिवस आला.

घे, हे धर. मोके उतरला की सरळ त्याच्याकडे जा, माझ्याकडे बघू नकोस. हात मागे घेतला, एवढंच सांग. डब्याचं नको. खुणेचं नको. मुलाचं तर नकोच, नाहीतर सगळे आणखी गोड वागतील त्याच्याशी आणि उद्या हाताला धरून पाण्यात सोडतील. रागानं बोल. तुमच्याकडे बोलतात तसं, पाहुणीसारखं. पालानी माझ्यावर चिडला तर चिडू दे, जन्मभर चिडू दे, चिडायला घरी तर असेल. — डोळे कसले पुसतेस? रडत गेलीस तर तो तुला पाणी देईल आणि चादर पांघरेल, ऐकणार काही नाही. जा. मला मास्क धुवायचेत. जा म्हटलं ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट सुटली तेव्हा पालानी धक्क्यावर उभा होता, मोकेनं त्याला चढू दिलं नव्हतं. आणि पाहुण्यांच्या बाकावर, उसना मास्क कपाळावर चढवून, मांडीवर एकच डबा धरून, रेमी बसली होती.