सुगंधाताईंचा कॉम्प्युटर

मंडळी, ऐका! कीर्तनाला आलात, तर खरंच ऐका हं. त्या खांबाला टेकून डोळे मिटलेत ना, त्या काकांना जरा हलवा कुणीतरी. हां! प्रश्न साधा आहे. देवानं दोन कान दिले, ते कशाला दिले? चष्म्याच्या काड्या अडकवायला? हसता काय? निम्म्यांचे तेवढ्याच कामाला येतात! मी विचारतो — ज्या माणसाबरोबर आपण अख्खा संसार केला, त्याचं आपण कधी ऐकलं का? थांबा, उत्तर आत्ता नको. आधी माझ्याबरोबर बार्शीला चला.

बार्शीत विश्वनाथ शेवाळे म्हणून एक गृहस्थ. एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाव त्यांना अजून कंट्रोलर म्हणतं. आवाज काय सांगू! "लातूरला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहेऽऽ!" — की समोरच्या हॉटेलातलं गिऱ्हाईक चहा अर्धा टाकून पळायचं, मग त्याला लातूरला जायचं असो वा नसो! रिटायर झाले. स्टँड सुटला, आवाज काही सुटला नाही. घरातसुद्धा घोषणाच!

त्यांच्या मंडळी सुगंधाताई. आवाज बारीक, पण गोड. आईची, मावळणीची म्हणजे आत्याची जुनी गाणी — हळदीची, दळणाची — सगळी तोंडपाठ. लेक सुरतेला नांदायला गेली. जाताना घरातला कॉम्प्युटर आईला शिकवून गेली, माईक जोडून दिला. "आई, यात तुझी गाणी भर." बाई रोज दुपारी बसायची. लेक फोनवर म्हणायची, मला पाठव ना! तर, "सगळी होऊ देत गं, एकदमच देते." आणि पहिली ओळ सुरू झाली रे झाली, की बाहेरच्या खोलीतून घोषणा — "अगं, दार लाव! बातम्या लागल्यात!" दार लागायचं. रोज.

आणि श्रावणात सुगंधाताईंना झटका आला. उजवं अंग गेलं. वाचा गेली. सगळं कळायचं हो, पण तोंडातून एकच — "अं! अं!" बस.

आता कंट्रोलर घाबरले. एवढा आवाजाचा माणूस, घरात उत्तर देणारं कुणी नाही! बोलायचा व्यायाम शिकवायला निलोफर मॅडम यायच्या. त्या म्हणाल्या, "काका, काही माणसांचं बोलणं जातं, पण गाणं आत शिल्लक असतं. त्यांना त्यांचीच गाणी ऐकवा. सोबत गुणगुणू देत. त्या वाटेनं शब्द येतात कधीकधी. पण लवकर करा. दिवस जातील तसं अवघड होतं."

कंट्रोलरांच्या जिवात जीव आला. गाणी तर आहेतच की! कॉम्प्युटरमध्ये! उठले, बटणापर्यंत हात नेला — आणि थांबले. का थांबले? आपल्या अंगात आहे ना ते, शुभ दिवस बघायचं! दसरा तोंडावर आला होता. दसऱ्याला घरोघर हत्यारांची पूजा, यंत्रांची पूजा. सुगंधाताई दरवर्षी कॉम्प्युटरची पूजा करायच्या. म्हणाले, यंदा मी करतो, साग्रसंगीत करतो, आणि मुहूर्तावर सुरू करतो!

आता सुगंधाताई पूजा कशी करायच्या? पाटावर सुपारी मांडायची. पाणी सुपारीवर. यंत्राला फक्त बोटाच्या टोकानं कुंकू. कंट्रोलरांनी हे कधी पाहिलं होतं का? ते पेपर वाचत असायचे!

दसरा उजाडला. सोवळं नेसले. तांब्या, पळी, ताम्हन. कॉम्प्युटरचा तो उभा डबा असतो ना, वरून जाळी असते त्याला. वायर भिंतीत, भिंतीवरचं बटण चालू. आणि कंट्रोलरांनी, मंडळी, शंकराच्या पिंडीवर घालावं तसं — पळीभर पाणी घातलं! वरून!

समोर पलंगावर सुगंधाताई. डावा हात उचलला. "अं! अं!"

"हो गं, हो! फूल पण वाहतो!" दुसरी पळी.

"अं! अं! अं!" — डोळ्यांत पाणी बाईच्या.

"बघा, केवढा आनंद झालाय!" तिसरी पळी. आणि दाबलं बटण!

फट्! जळका वास आला. पडदा काळा. झेंडूची माळ तेवढी हलली.

हसलात ना? मीही हसलो असतो. पण त्या पलंगावर बसून बघा जरा. आपला आवाज बुडताना समोर दिसतोय, ओरडता येत नाही, आणि नवरा म्हणतो — आनंद झालाय.

पुढं काय? कंट्रोलरांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा. वायर काढली, फुंकली, घातली, पुन्हा दाबलं. टेबलफॅन लावला. शेजारी म्हणाले, मोबाइल भिजला तर तांदळात ठेवतात. यांनी अख्खा डबा तांदळाच्या पिंपात उभा केला! दुसऱ्या दिवशी आतून तांदूळ गळतोय, आणि हे बटण दाबताहेत. काही नाही.

दुकानात नेला. दुकानदार अभिनंदन, पोरगा सज्जन. झाकण उघडलं, बघत राहिला. "काका, ओलं असताना चालू केलंत?"

"केलं."

"एकदाच ना?"

कंट्रोलर डब्यातून सांडलेले तांदळाचे दाणे टिपायला लागले.

"पाण्यानं बिघडलं असतं ते वाळल्यावर सुटलंही असतं. पुन्हा पुन्हा वीज दिलीत, त्यानं गाणी साठवायची चकती जळली. मी दुसऱ्या मशीनला लावून बघतो." लावली. टक्... टक्... टक्. पडद्यावर काहीच येईना. "पुण्याला पाठवतो. तिथं उघडून काढतात. पण आशा धरू नका."

आशा धरू नका! आणि दुसरं धरायचं काय माणसानं? ती चकती पुण्याला गेली आणि कंट्रोलरांचा जीवही तिच्यामागं गेला. दिवसभर फोन. "काय झालं? निघालं का काही? एक तरी?" मॅडम सांगायच्या, काका, समोर बसा, त्यांच्याशी बोला. ते म्हणायचे, थांबा, पुण्याचा फोन येईल. आणि पलंगाकडं पाठ करून बसायचे. मागून "अं... अं..." यायचं. मग ते कमी झालं. मग येईनासंच झालं.

दिवाळी झाली आणि चकती परत आली. काही हाती लागलं नाही. सगळी गेली. दळणाची, हळदीची, मावळणीची. त्या दिवशी कंट्रोलर लहान मुलासारखे रडले हो.

मॅडम आल्या. म्हणाल्या, "काका, जाऊ दे ते यंत्र. यंत्र कशाला हवं? तुम्हीच म्हणा की. इतकी वर्षं घरात ऐकलीयत, काकूंची दोन-चार गाणी तर येत असतील?"

मंडळी... पेटी थांबवा जरा.

एक येत नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोचं एक गाणं येत नव्हतं त्यांना. एसटीच्या सगळ्या गाड्या पाठ, सगळे थांबे पाठ. आणि घरातलं गाणं? आठव आठव आठवलं, तेव्हा दार लागायच्या आधीची तेवढी अर्धी ओळ सापडली. "हळद दळता दळता..." बस. त्याच्यापुढं दार.

खुर्ची ओढली. पहिल्यांदा तिच्या समोर बसले. आणि त्या स्टँडवरच्या आवाजात, बेसूर, "हळद दळता दळता..."

थांबले. पुढं काय?

सुगंधाताई बघत होत्या. किती दिवसांनी डावा हात उचलला. "अं! अं!" मान हलवली. नाही, नाही. चाल चुकली.

तेच "अं! अं!" बरं का! पण या वेळी पळी पुढं गेली नाही. कंट्रोलर खाली वाकले, कान तिच्या तोंडाशी नेला, आणि हळूच — आयुष्यात पहिल्यांदा हळू — म्हणाले, "काय चुकलं गं माझं? सांग."

ती सांगू शकली नाही. अजून सांगू शकलेली नाही. मॅडम म्हणतात, फार उशीर झाला. रोज दुपारी ते समोर बसतात, ती अर्धी ओळ म्हणतात, ती मान हलवते, ते पुन्हा म्हणतात. लेकीला फोनवर विचारलं, तिलाही येत नाही. पुढची ओळ जगात फक्त सुगंधाताईंना येते, आणि ती त्यांच्या आत आहे.

आता मघाचा प्रश्न. तुमच्या घरी आज कीर्तनाला न आलेलं कुणी आहे ना? तिचं, त्याचं एक गाणं सांगा मला. एक आवडती ओळ. सांगा! का हो, माना खाली का गेल्या? मला ऐकायला इतक्या लांबून आलात, आणि येताना दार ओढून घेतलंत!

आज जयघोष मोठ्यानं नको. मनातल्या मनात नाव घ्या, उठा, आणि घरी जा. प्रसाद वाटेत खा. घरी कुणी काही बोलत असेल, तर ते संपेपर्यंत उंबऱ्यातच उभे राहा.