शेवटच्या टोकावर एकच बाक

छे हो, भरतीच्या वाटेवर आहे काय? दगड आणि खेकडे. आणि ते खेकडेसुद्धा आता माणसांना कंटाळलेत, बाहेर येत नाहीत. माझं ऐका दादा, कड्याच्या वाटेने जा — सरळ शेवटच्या टोकापर्यंत. मध्ये दोन टोकं लागतील, तिथे थांबू नका. पहिल्यावरून बंदरातल्या क्रेन दिसतात आणि दुसऱ्यावरून पहिलं टोक दिसतं. खरा समुद्र शेवटच्या टोकावर — तीन बाजूंनी पाणी, खाली कपारीत हजारभर पक्षी, आणि बसायला एकच बाक. तुमच्याकडे तर एवढा मोठा कॅमेरा, वर हे तीन पायांचं स्टँड! हे सगळं मांडायला किती वेळ लागतो हो? अर्धा तास? आणि मग सूर्य बुडेपर्यंत हलणार नाही? वा! अगदी देवासारखे आलात — नाही, काही नाही, आपलं सहज म्हटलं. पार्कात शिरणाऱ्या प्रत्येकाने खिडकीवरच्या या रजिस्टरमध्ये लिहायचं — नाव, वाट, परत यायची वेळ. द्या, मीच लिहिते. 'कडा.' झालं.

गर्दी? आहे थोडी. आज आहे. म्हणजे शाळेची सहल गेलीय — बत्तीस पोरं, दोन बाई. त्यांना खरं तर पाणथळीतल्या लाकडी फळ्यांच्या वाटेवरून न्यायचं होतं, बेडूक दाखवायला. मी म्हटलं, बेडूक काय, घराच्या मागेही दिसतात, पोरांना समुद्र दाखवा! मग तो निवृत्त मंडळींचा गट — सात जण, त्यातल्या एकाकडे माउथ ऑर्गन. मग जुळी पोरं घेऊन एक जोडपं, दोन्ही पोरं टाहो फोडत होती. किती झाले? बत्तीस, दोन, सात, चार — पंचेचाळीस. तुम्ही सेहेचाळिसावे. एरवी आठवड्यात एवढी माणसं तिकडे जात नाहीत हो, चढ आहे ना. आज सगळ्यांना मी पाठवलं. एकेकाला समजावून. घसा बसला माझा.

असं काय बघताय? पार्काचं काम आहे ते, लोकांना चांगली जागा दाखवणं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तुम्ही माझ्याकडे बघताय — नाही, ते माझ्याबाबतीत झालं, तुमच्या नाही. बरं, सांगते. तुम्ही काही इथले नाही, उद्या निघून जाल. त्या बाकावर माझी बहीण बसलीय. धाकटी. एकेचाळीस वर्षांची आहे, पण मला अजून वेणी घालायची आहे तिची असंच वाटतं. इथेच काम करते, लोकांना वाटा दाखवायचं. आज रजा टाकलीय. चार वर्षांत पहिली रजा — आणि रजा टाकून गेली कुठे, तर कामाच्याच जागी! आणि शेजारी बसलाय तो, बंदरातला. भरती-ओहोटीचे आकडे लिहितो रोज, आम्ही त्याला पाणीमोजे म्हणतो. माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, नाव ठेवायला जागा मिळाली असती. हळू बोलतो, बूट पुसून आत येतो, आमचा गळका नळ न सांगता दुरुस्त करून गेला. आता त्याची बदली झालीय — बारा तासांच्या प्रवासावर. आणि आज तो तिला विचारणार आहे. लग्नाचं, आणि बरोबर येण्याचं.

मला कसं माहीत? अहो, काल इथेच उभा होता, तुम्ही उभे आहात तिथे. म्हणाला, ताई, आधी तुम्हाला विचारतो, तुम्ही तिला आईसारख्या. आता यावर काय बोलणार माणूस! म्हटलं, विचार बाबा. मग म्हणाला, दुपारनंतर शेवटच्या टोकावर कोणी नसतं ना? जरा निवांत हवंय, मला गर्दीत बोलायला जमत नाही. मी म्हटलं, चिटपाखरू नसतं. असं म्हटलं मी, या तोंडाने. आणि आज दुपारी जेवून खिडकी उघडली, तर पहिलीच ती शाळेची बस. मी काही ठरवलं नव्हतं हो! तोंडातून आपोआप निघालं — पोरांना समुद्र दाखवा. एकदा निघालं आणि मग थांबेचना.

हसा, हसा. हसण्यासारखंच आहे. बत्तीस पोरं, माउथ ऑर्गन आणि दोन रडकी बाळं — बघू कसा विचारतो! नाही, मला तो नको असं नाही. मला... कसं सांगू, आमच्या दोन खोल्या आहेत, या खिडकीच्या मागेच. ती नऊ वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून आम्ही दोघी. तिचे ओले मोजे खुर्चीवर, तिचा रेडिओ रात्रभर चालू, मी रोज ओरडते. आणि मी सत्तावन्न वर्षांची बाई, दादा, आयुष्यात एक रात्र एकटी झोपलेली नाही. एकही नाही. आधी आईजवळ, मग हिच्याजवळ. मागे ती तीन दिवस प्रशिक्षणाला जाणार होती, तर मला नेमका ताप आला. खरा ताप हो, थर्मामीटरमध्ये दिसला! ती गेली नाही. म्हणाली, पुढच्या वर्षी जाईन. मग तोही विषय राहिला. मला भीती वाटते, एवढंच. एवढ्या लोकांना सांगते, बिनधास्त जा, वाट सोपी आहे, आणि मला अंधारात उठून पाणी प्यायची भीती वाटते.

यापूर्वी? यापूर्वी कोणी... तुम्ही फोटो काढता की चौकशा करता? होता एक. आठ वर्षं झाली. तो पक्षी मोजायला आला होता, दोन महिने राहिला. आमच्या नशिबी सगळे मोजणारेच. जायच्या दिवशी धावत खिडकीशी आला — ताई, ती कुठे भेटेल, माझी गाडी पाचची आहे, मला तिच्याशी बोलायचंय. आणि मी म्हटलं, भरतीच्या वाटेवर आहे. ती कड्यावर होती. चूक झाली माझी. रोज पन्नास जणांना वाटा सांगायच्या, कधीतरी चूक व्हायचीच. नाही का? तो दोन तास खाली खडकांवर थांबला. मला इथून दिसत होता. दर थोड्या वेळाने उठायचा, वाटेकडे बघायचा, परत बसायचा. मग गाडीची वेळ झाली. तेव्हा... अहो, दिसत होता म्हणजे हाकही मारता आली असती. चूक असती तर हाक मारली असती मी.

संध्याकाळी ती उतरली. कड्यावर ती त्याचीच वाट बघत बसली होती, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. एवढंच म्हणाली, ताई, कोणी विचारत आलं होतं का गं? मी म्हटलं, नाही गं. तिने बूट काढले, मोजे खुर्चीवर टाकले, चहा टाकला. मला साखर जास्त लागते तर माझ्या कपात जास्त टाकली. पुन्हा तो विषय काढला नाही. मला वाटलं, विसरली. आठ वर्षं मी आपलं हेच म्हणत आले की विसरली. पण ती त्यानंतर दर वर्षी पक्षी यायच्या दिवसांत त्या कड्यावर जाऊन बसते. मला सांगते, वाट झाडायला जाते. मी हे कोणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला तरी का सांगतेय कोण जाणे.

काय म्हणालात? जाऊ का वर? ... नाही. नका जाऊ. ती वाट बंद आहे. आत्ता झाली बंद. धुकं येतंय. आभाळ मोकळं दिसतंय, मान्य आहे, पण समुद्राचा काय भरवसा? द्या ते रजिस्टर — 'कडा' खोडते, 'भरती' लिहिते. तुम्ही खडकांवर जा, उजेड तिथेही छान पडतो, आणि खेकड्यांचं मी उगाच बोलले, भरपूर आहेत. थांबा जरा, हा वरच्या कर्ण्याचा माईक आहे, धुक्याची सूचना द्यायचा. बटण कुठलं... हं.

"लक्ष द्या. कड्याच्या वाटेवरील सर्व पर्यटकांनी इकडे लक्ष द्यावे. समुद्रावरून धुके येत आहे. सर्वांनी ताबडतोब खाली यावे. शाळेच्या बाईंनी मुलांना मोजून आणावे. माउथ ऑर्गन खाली आल्यावर वाजवावा. बाळांना सांभाळून उतरवावे. शेवटच्या टोकावर, बाकावर बसलेल्या दोघांना ही सूचना लागू नाही. त्यांनी बसून राहावे. अंधार पडला तरी चालेल. मी... मी घरी आहे, मला काही होत नाही. घाई करू नकोस गं."

बंद झाला का हा? लाल दिवा गेला ना? बघा तुम्हीच, मला दिसत नाहीये नीट. आणि माझ्या तोंडाकडे नका बघू — जा दादा, उजेड जाईल तुमचा. जा म्हटलं ना.