सासऱ्यांचं घड्याळ, जावयाचं भिंग

नाही, पण 'छान आहे' म्हणजे काय हो? तुम्हीच सांगा! तुम्ही एखाद्याच्या हातात जुनं स्विस घड्याळ ठेवता, एकतीस वर्षं तुमच्या मनगटावर, त्याआधी वीसेक वर्षं तुमच्या सासऱ्यांच्या मनगटावर, आणि तो पोट्टा खिशातून भिंग काढतो, डोळ्यात खुपसतो, मागचं झाकण उघडून पाच मिनिटं श्वाससुद्धा घेत नाही आणि शेवटी म्हणतो, "छान आहे, काका." बस! अहो, पोहे छान असतात, पडदे छान असतात... घड्याळ एक तर अस्सल असतं, नाही तर नसतं!

आणि पोट्टा कोण? माझा होणारा जावई. भार्गव. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो आणि फावल्या वेळात जुनी घड्याळं जमवतो. रविवारी साखरपुडा, हे झालं बुधवारी, आणि मी शहाण्यानं आधीच पंडरी मोहल्ल्यात त्यांच्या बैठकीत बसून त्याच्या आईवडिलांना सांगून टाकलेलं की जावयाला माझ्या सासऱ्यांचं ओरिजिनल स्विस घड्याळ देणार! व्याही कापडवाले. तुम्हाला सांगतो, कापडवाल्यासमोर 'ओरिजिनल' हा शब्द काढू नये, तो लगेच चिमटीत धरून बघतो. त्यांनी सगळ्या नातेवाइकांना कळवलंसुद्धा!

आता अशा वेळी घरात भांडता येतं. पद्मजा असती तर मी तिला म्हटलं असतं, बघ, तुझ्या लेकीनं काय रत्न निवडलंय. ती म्हणाली असती, तुमचीही लेक आहे, आणि तासभर बरा गेला असता. पण पद्मजाला जाऊन मार्चमध्ये दोन वर्षं झाली. मग मला सांगा, भांडायचं कोणाशी?

मी म्हटलं, "भार्गव, छान म्हणजे नेमकं काय?" तो म्हणतो, "कुछ नहीं, काका." आतून आमची ऋता ओरडली, "बता दे ना यार! नाही तर पापा तुला चहा पण नाही पिऊ देणार." तेव्हा कुठे त्यानं घसा साफ केला. "काका, बुरा मत मानना... ही डायल नंतर रंगवलेली आहे. हे बघा, अक्षरं जाड आहेत, कंपनीची इतकी जाड नसतात. सेकंदकाटा आखूड आहे, रेघांपर्यंत पोचतच नाही. चावीवर कंपनीची खूण नाही. आतलं मशीन स्विस आहे, पण दुसऱ्याच घड्याळाचं." म्हटलं, "मग यात ओरिजिनल काय आहे रे?" त्यानं फार विचार केला हो, पोरगा सालस आहे. म्हणाला, "पट्टा, काका. चमडा असली है." पट्टा मी मागच्या वर्षी घेतलेला!

आता हे घड्याळ मला मिळालं कसं? १९९४, राजनांदगाव, माझं लग्न. पंगत बसलेली, ताटात गरम जिलबी, आणि मी रुसलेलो. मला रुसायचं नव्हतं हो! मला भूक लागली होती! पण आमचे थोरले मामा मागून कानात, "हात लावू नको ताटाले. रूस! घड्याळ माग!" मी रुसलो. सासरे हेडमास्तर. त्यांनी स्वतःच्या हातातलं घड्याळ उतरवलं आणि माझ्या हातात बांधलं. बाजूच्या पाटावरून पद्मजानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. जिलबी गार झाली होती.

म्हणजे बघा, पहिला संशय सासऱ्यांवर! हेडमास्तर माणूस, शेकडो पोरांच्या कॉप्या पकडल्या, आणि जावयाला डुप्लिकेट? पण त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. भांडायचं कोणाशी?

मग आठवला देवीदास. ब्राह्मणपाऱ्यात जिन्याखाली त्याचं घड्याळाचं दुकान. माझं घड्याळ त्याच्याशिवाय कोणी उघडलेलं नाही. म्हणजे यानंच अस्सल सामान काढून घेतलं असणार! आणि मुख्य म्हणजे, तो जिवंत होता. गुरुवारी सकाळी मी निघालो, वाटेत वाक्यं जुळवत, 'देवीदास, तीस वर्षांचा विश्वास' वगैरे वगैरे, आणि घड्याळ काउंटरवर आपटणार होतो, पण आपटलं नाही, काच फुटली असती. नुसतं ठेवलं. म्हटलं, "ही डायल कोणी रंगवली?"

मान वर न करता म्हणतो, "मीच."

"काहून?"

"वहिनीनं सांगतलं म्हनून."

आता? सगळी वाक्यं वाया! तो शांतपणे पेचकस पुसत सांगून राहिला, "भाऊ, लग्न झाल्यावर साहा महिन्यांत तीन डाव हरवलं व्हतं तुम्ही घड्याळ. दुर्गच्या वेटिंग रूममधे नळावर ठेवलं. मंग न्हाव्याच्या इथं. मंग बूढा तालाबच्या पायरीवर. नशीब, तीनही डाव भेटलं. वहिनी आल्या, म्हने, देवीदासभाऊ, असंच दुसरं बनवून द्या, माह्या बाबाचं घड्याळ हे एक दिवस घालवतीन."

आणि मला आठवलं हो! घड्याळ आठ दिवस 'सर्व्हिसिंगला' होतं! परत आलं तेव्हा मी म्हटलं होतं, "वा, काय चकाकतंय!" आणि पद्मजा म्हणाली होती, "आता हरवलंत तर मी माहेरी जाईन." आणि खरं घड्याळ? ते तिनं माहेरी आधीच पोचवलेलं! पुढच्या दिवाळीला सासऱ्यांच्या हातात अगदी तसंच घड्याळ. म्हटलं, "मामाजी, हे कुठून?" म्हणाले, "जोडीचं मिळालं, जावईबापू." आणि मग दर दिवाळीला, दर दिवाळीला हो, आम्ही दोघं मनगटाला मनगट लावून वेळ जुळवायचो आणि मी त्यांना ऐकवायचो, "मामाजी, माझ्यासारखी चाल नाही तुमच्या घड्याळाला!" ते म्हणायचे, "असेल बुवा." आणि पद्मजा फराळाची ताटं ठेवता ठेवता पदर तोंडाला लावून आत पळायची. मला वाटायचं, हिला माझं कौतुक!

सगळ्या घराला माहीत! न्हाव्यालासुद्धा माहीत असेल! मी म्हटलं, "देवीदास, मला एका शब्दानं सांगायचं नाही?" तो म्हणतो, "तुम्ही कधी भांडाले आलेच नाही ना." म्हटलं, "म्हणजे?" त्यानं खालच्या खणातून औषधाची रिकामी डबी काढली. आत कापूस, कापसात घड्याळ. सासरे गेल्यावर ते पद्मजाकडे आलं आणि तिनं शेवटच्या दवाखान्याआधी इथं आणून ठेवलं. देवीदास म्हणाला, "वहिनी म्हने, ऋताच्या लग्नाच्या वक्ताले भाऊ घड्याळ जावयाले द्याले काढतीन, खोटं निंघन, मंग तुमच्याशी भांडाले येतीन, तवा द्याल. त्याच्या आंधी कोनी मांगितलं तरी देऊ नोका."

मी स्टुलावर बसलो. त्यानं चहा सांगितला. मी एवढी तयारी करून गेलेलो, तुम्हाला सांगतो... भांडायचं कोणाशी?

बरं, गंमत बघा. खरं घड्याळ मी सहा महिन्यांत तीनदा हरवलं आणि खोटं एकतीस वर्षांत एकदाही नाही! नदीवर गेलो तर डब्यात, आजारी पडलो तर उशीखाली. हे एवढं जपलं कशाला? देवीदासच्या ब्रशाला!

असो. रविवारी साखरपुडा झाला. सगळ्यांसमोर मी खरं घड्याळ भार्गवच्या हातात दिलं. त्यानं तिथंच भिंग लावलं, आणि या वेळी 'छान' नाही म्हणाला. गडबडून माझ्या दोनदा पाया पडला. व्याह्यांनी चिमटीत धरून पाहिलं, मान डोलावली. माझी लाज राहिली! मग पंगत बसली, जेवणं झाली, जावईबापू हात धुवायला गेले, नवं घड्याळ भिजू नये म्हणून काढून बेसिनवर ठेवलं आणि तसेच मित्रांच्यात फोटो काढायला निघून गेले. ऋतानं आणून दिलं. मी पाहिलं.

सोमवारी माझं घड्याळ तेल घालायला घेऊन ब्राह्मणपाऱ्यात गेलो, तर देवीदासच्या स्टुलावर कोण बसलेलं? ऋता! समोर काउंटरवर भार्गवचं घड्याळ. मला पाहून जीभ चावली, मग म्हणते, "पापा, प्लीज, त्याला सांगू नका. देवीदासकाका म्हणतात आठ दिवसांत होतं."

काय करणार? आईशी भांडता आलं नाही, हिच्याशी काय भांडू? मी देवीदासला एवढंच म्हटलं, "या खेपेला अक्षरं जरा बारीक काढ बाबा, आणि सेकंदकाटा पुऱ्या लांबीचा टाक... आमचा जावई भिंग लावून बघतो."