त्या कोपऱ्यातला दगड

शुभाकाकू, सरांचे सहकारी, आणि सरांच्या इतक्या वर्षांच्या विद्यार्थ्यांनो,

सरांच्या या शोकसभेत माझ्याआधी सहा जण बोलले. सगळे छान बोलले. मला तसं जमणार नाही, हे आधीच सांगते. मी काल रात्री कागदावर लिहून आणलं होतं, पण समोर काकूंना बघितलं आणि तो कागद पर्समध्येच राहू दिला.

मी वैशाली. केळशीकर सरांची विद्यार्थिनी. कल्याणच्या कॉलेजात तीन वर्षं मी त्यांच्याकडे भूशास्त्र शिकले. आता डोंबिवलीत माझा माती-परीक्षणाचा व्यवसाय आहे. म्हणजे इमारत उभी राहायच्या आधी जमिनीत बोअर मारायचे, खाली काय आहे ते बघायचं आणि पाया कुठे टेकवायचा ते सांगायचं. हे काम मला सरांनी शिकवलं. आणि गेली आठ वर्षं मी सरांशी बोलले नव्हते.

हो, आठ वर्षं. इथे पुष्कळ जणांना ते माहीत नसेल. आज तेच सांगायला उभी आहे.

पण आधी सर कसे होते ते सांगू दे. पहिल्या वर्षी त्यांनी आम्हाला शहाडला उल्हास नदीच्या काठावर नेलेलं. आम्हाला वाटलं पिकनिक. सरांनी काठावरची चिमूटभर माती उचलली आणि सरळ तोंडात घातली. पुढच्या दातांनी चावली, थुंकली, आणि म्हणाले, "आता तुम्ही." आम्ही एकमेकांकडे बघतोय. सर म्हणाले, "अगं, कचकच लागली तर गाळ, लोण्यासारखी लागली तर चिकणमाती. तुझ्या दातांइतकं चांगलं यंत्र कॉलेज विकत घेऊ शकत नाही." आम्ही वीस जण नदीकाठी माती चावत उभे. शेजारी एक बाई कपडे धूत होत्या, त्यांनी हात थांबवले आणि काळजीने विचारलं, "पोरांना जेवण नाही का दिलं?" त्यावर सर इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

आणि त्यांचं ते काळाचं. आपल्या पायाखालचा हा काळा कातळ लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हे पुस्तकात आहे. दुसरे शिक्षक उपमा देतात. समजा एक वर्ष म्हणजे एक पाऊल, वगैरे. सरांना ते आवडायचं नाही. ते म्हणायचे, "साडेसहा कोटी म्हणजे साडेसहा कोटी. कळत नाही ना? मलाही कळत नाही. पाठ करू नकोस. थोडी घाबर."

कळव्याजवळ डोंगर कापलेला होता तिथे त्यांनी एकदा आम्हाला एक लाल पट्टा दाखवला होता. खाली काळा कातळ, वर काळा कातळ, मध्ये हातभर लाल. लाव्हा आला, निवला, आणि मग खूप काळ काहीच झालं नाही. त्या काळात दगड कुजला, त्याची माती झाली. मग पुन्हा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. सर त्या पट्ट्यावर हात ठेवून म्हणाले, "सगळे लाव्हाचे फोटो काढतात. पण जास्त वेळ गेलाय तो इथे." तेव्हा आम्ही ते वहीत लिहून घेतलं आणि डबे उघडले.

काकू, तुमच्या घरात सोफ्यावर दगड असायचे. तुम्ही म्हणायचात, "आमच्याकडे पाहुण्यांनी उभं राहायचं, बसायची जागा दगडांची." आणि तरी आम्ही आलो की तुम्ही तेच दगड खाली ठेवून आम्हाला पोहे द्यायचात.

आता ते आठ वर्षांपूर्वीचं सांगते.

माझा व्यवसाय तेव्हा नवीन होता. डोंबिवलीतली एक जुनी सोसायटी पाडून तिथे सात मजली इमारत व्हायची होती. घरं रिकामी झालेली, माणसं इकडे तिकडे भाड्याने राहत होती, आणि बिल्डरला पावसाळ्याआधी पाया भरायचा होता. प्लॉटवर चार बोअर मारले. तीन ठिकाणी कातळ खोल लागला. चौथ्या कोपऱ्यात मात्र वरच लागला. त्या कातळात दीड मीटर आत गेलो, आणि दगडाचा तो लांब गोल तुकडा, ज्याला आम्ही कोअर म्हणतो, तो अखंड बाहेर आला. काळाभोर. एक चीर नाही. मला इतका आनंद झाला. मी म्हटलं, बस, कातळ लागला, मशीन उचला.

नियम असा आहे की कातळ लागल्यावरही आणखी खाली जायचं. निदान तीन मीटर. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. मला सरांनीच शिकवलं होतं. पण कोअर इतका सुंदर होता की मला गरज वाटली नाही. आमच्या धंद्यात माणूस असा फसतो. खराब दगड आला की तो दहादा तपासतो. चांगला आला की थांबतो.

माझ्या रिपोर्टवर सल्लागार म्हणून सर सही करायचे. ते साइटवर आले. लाकडी पेटीत कोअर ओळीने मांडलेले होते. सरांनी त्या कोपऱ्यातला सगळ्यात वरचा तुकडा उचलला, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं, आणि बराच वेळ नुसता फिरवत राहिले. मग म्हणाले, "वैशाली, याला साल आहे."

तुकड्याच्या वरच्या टोकाला बोटभर जाडीचा तपकिरी थर होता. कांद्याच्या पापुद्र्यासारखा, किंचित गोलाई असलेला. सर म्हणाले, "कातळ कोपऱ्यांकडून कुजतो. कुजत कुजत गोल होतो, आणि आतला गाभा मुरमात तसाच टणक राहतो. हा तसला सुटा धोंडा असू शकतो. अजून तीन मीटर उतर."

मशीन तोवर खडवलीला दुसऱ्या कामावर गेलं होतं. ते परत आणायचं म्हणजे आठवडा जाणार. बिल्डर रोज फोन करतोय. मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "सर, वर्गातलं वर्गात ठीक आहे. साइटवर असं चालत नाही."

ज्या माणसाने मला माती चावायला शिकवली, त्याला मी हे म्हणाले. माझ्या कामगारांसमोर.

सर रागावले नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं, आणि म्हणाले, "मग मी सही करत नाही." आणि रिक्षा पकडून गेले.

मी दुसऱ्या सल्लागाराची सही घेतली.

दीड महिन्याने खोदकाम सुरू झालं. पोकलेन त्या कोपऱ्यात गेला आणि माझा तो कातळ अख्खाच्या अख्खा उचकटून वर आला. म्हशीएवढा धोंडा. त्याच्या खाली पिवळा, भुसभुशीत मुरूम. मी खड्ड्याच्या काठावर उभी होते. त्या धोंड्यावर सात मजले उभे राहिले असते. त्यात माणसं राहायला आली असती.

मी त्याच दिवशी काम थांबवलं. बिल्डरला सांगितलं, चूक माझी आहे. त्याने जे ऐकवायचं ते ऐकवलं. मशीन परत आणलं, चारही बोअर पुन्हा मारले, पूर्ण खोलीपर्यंत. पाया बदलला. ती इमारत आज उभी आहे, नीट उभी आहे, आणि माणसं त्यात राहतात.

सगळ्यांना सांगितलं. बिल्डरला, सोसायटीच्या माणसांना, ज्याने सही केली त्यालाही. सरांना नाही सांगितलं.

का नाही? मला आजही नीट सांगता येत नाही. फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. वाटायचं, गणपतीत त्यांच्या घरी जाऊ. गणपती गेले. दिवाळीत जाऊ. दिवाळी गेली. एक वर्ष उलटल्यावर वाटायला लागलं, आता कुठल्या तोंडाने जाऊ? एकदा ठाण्याला एका लग्नात सर लांबून दिसले, तर मी न जेवता मागच्या दाराने निघाले. मला वाटायचं, सरांना काही कळलेलंच नाही. ते मला उद्धट समजून विसरून गेले असतील.

दरम्यान दरवर्षी एकदोन मुलं माझ्या ऑफिसात यायची. "केळशीकर सरांनी पाठवलंय, काम शिकायला." मी त्यांना ठेवून घ्यायची. मनात म्हणायची, सर मोठ्या मनाचे आहेत.

तो सिद्धेश तिथे मागे बसलाय. चार वर्षं माझ्याकडे काम करतो. परवा स्मशानातून बाहेर पडताना तो मला म्हणाला, "मॅडम, एक सांगू? मी सरांना विचारलेलं, एवढे लोक आहेत, वैशाली मॅडमकडेच का पाठवता? तर सर बोललेले, ती चुकली की परत खणते. तिच्याकडे शिक." मी म्हटलं, सरांना काय माहीत? तो म्हणाला, "काय मॅडम, सर त्या धोंड्याला बघून आलेले ना. खड्ड्यातून निघाला त्याच आठवड्यात. आम्हाला वर्गात सांगितलेलं. तुमचं नाव नाही घेतलं, पण मला नंतर समजलं."

त्याच आठवड्यात. सरांना आठ वर्षं माहीत होतं.

आणि काल काकूंकडे गेले तेव्हा काकूंनी सांगितलं, "अगं, तुझा विषय निघाला की म्हणायचे, येईल ती. तिला थोडा वेळ लागतो."

काकू, मी तुमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर राहते.

सर माझ्याबद्दल म्हणाले, ती चुकली की परत खणते. जमिनीपुरतं ते खरं आहे. तुमच्या बाबतीत मी ते केलं नाही, सर. मला खूप वाईट वाटतं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

इथे त्यांचे तरुण विद्यार्थी बसलेत. तुमच्यातल्या कोणाला कोणाकडे जायचं राहिलं असेल, तर मी उपदेश करत नाही, पण इथून घरी जाताना त्यांच्याकडून होऊन जा.

आता जे एक वाक्य मला सांगायचं होतं, ते सांगते आणि बसते. सर, त्या कोपऱ्यातला दगड सुटा होता. तुमचं बरोबर होतं, आणि मी चुकले होते.

आपण सगळे उभे राहू या. काकू, तुम्ही बसूनच राहा. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका. मी आठ वर्षं एकटी गप्प होते. ही दोन मिनिटं मला तुमच्या सगळ्यांबरोबर गप्प राहायचं आहे.