पुस्तकात न्हाई

…आन् वर मलाच म्हणत्यात, "आवं पंच, आता तरी गप बसा!" मी? गप? तुमाला सांगतू, पलूसकडच्या आमच्या ह्या एवढ्याशा ख्रिस्ती मंडळीत दर रविवारची मोठी प्रार्थना कोण करत हुतं? मी! तोंडानं, डोळं मिटून, हातात कागदाचा कपटा न्हाई! आन् आता हे नवं पाळकसाहेब आलं साताऱ्याहून… माणूस वाईट न्हाई हां, शब्दानं गोड हाय… पर येताना सांगलीहून छापील उपासनेच्या पुस्तकांचं गठुडं घिऊन आलं की! म्हणालं, "यापुढं सगळं क्रमानं व्हायचं. एक ओळ मी वाचीन, दुसरी मंडळीनं वाचायची." मी इचारलं, "आन् माझी प्रार्थना?" त्येंनी पानं चाळली, आवाज बारीक केला, म्हणालं, "पंच, ती पुस्तकात नाही."

पुस्तकात न्हाई!

आता माझी प्रार्थना लांब हुती, कबूल. रंगुबाईचा दमा घ्यायचो, गुंडाची लंगडी म्हस घ्यायचो, पोरं झोपायची, घरी भाकरी वाळायची… पर शेवटाला मी काय म्हणायचो? "प्रभू, आमचा अर्जुना लढाईवर गेलाय, त्येला सुखरूप आण." आन् सगळी मंडळी एका दमात, "आमेन!" एकुलता एक पोरगा ओ माझा. सिंगापुरात जपान्यांनी त्येची पलटण धरली, तवापास्नं खबर न्हाई. त्या एका आमेनवर मी आठवडा काढायचो. दुसरं काय हुतं हातात?

मंग उगवला पुस्तकाचा पहिला रविवार. काय सांगू! त्यात छापलेलं, 'येथे मंडळीने उभे राहावे.' ज्येंना वाचाय येतंय त्येंनी ते बी वाचलं, मोठ्यानं, एका सुरात! "येथे मंडळीने उभे राहावे!" आन् बसूनच! पाळकसाहेब म्हणालं, "अहो, ते वाचायचं नाही, करायचं!" झालं, फुडची ओळ खरंच वाचायची हुती, तर कुणी वाचंना, सगळी उठून उभी! मंग म्हणं गुडघं टेका. आवं, आमी भुईवर बसणारी माणसं, गुडघं टेकायला आमाला आधी वर उठाय लागतंय! धुळा म्हातारा टेकला त्यो टेकलाच, चौघांनी धरून सोडवला. पाळकसाहेब म्हणालं, "होईल सवय." सवय! गुंडाची म्हस अजून लंगडतीया, तिचं नाव कुणी घ्यायचं? पुस्तकात न्हाई!

अर्जुनाचं बी न्हाई. 'प्रवासी, आजारी व बंदिवान यांचे रक्षण कर.' संपलं! एका ओळीत साऱ्या दुनियेची माणसं! त्यातला माझा कोण, देवाला कसं कळायचं? लढाई संपून वरीस झालं, हंबीररावाचा पोरगा आला, वाडीवरचा बिराप्पा आला… आमच्या दारात कोण न्हाई. मी आपला त्या ओळीत मनातल्या मनात त्येचं नाव कोंबायचो, तवर मंडळी फुडच्या पानावर!

सुलाबाई, म्हंजी आमची कारभारीण, तिचं ह्यावर काय म्हणणं? काय न्हाई. तिला वाचाय येत न्हाई. माझी प्रार्थना चालायची तवा बी पदर तोंडाला लावून बसायची. बोलायला मी हुतो की!

तर गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी वाचलं, "जे आमच्यातून तुझ्याकडे आले, त्यांच्याबद्दल तुझे उपकार मानतो." आन् थांबलं. म्हणालं, "आता गेलेल्या माणसांची नावं मनात घ्या." सगळ्यांनी डोळं मिटलं. आढ्याला चिमण्या तेवढ्या चिवचिवत हुत्या. आन् बायकांच्या बाजूनं आवाज आला, चांगला मोठ्यानं.

"अर्जुना."

सुलाबाई! मला वाटलं उठावं, वरडावं, "अगं, ही ओळ त्येची न्हवं! मागली, मागली, ती बंदिवानांची!" तोंड उघडलं बी… आन् तिच्याकडं बघितलं. रडत न्हवती. तिला कवापास्नं ठावं हुतं, कुणास ठावं. आन् मी आपला दर रविवारी, "सुखरूप आण, सुखरूप आण"… काय वाटत आसंल ओ तिला?

सगळी मंडळी माझ्याकडं बघाय लागली. तोंडानं प्रार्थना करणारा मी एकटाच न्हवं का? आन् माझ्या तोंडाला शबूद येईना! मंग खाली बघितलं, तर छापून ठेवलेलं, 'मंडळी: प्रभू, तुझी इच्छा पूर्ण होवो.' वाचलं सगळ्यांसंगं. ते 'मंडळी' बी वाचलं बघा मी, मोठ्यानं.

मी कवाच म्हणलो नसतो तसं… पर काय करणार? पुस्तकात हुतं.