मसाल्याचं न फोडलेलं पाकीट

मला एक सांगा, माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा की त्याच्या स्वयंपाकघरातल्या फडताळावर?

गेल्या महिन्यात माझ्या नव्या कांदा-लसूण मसाल्यासाठी ऑनलाइन गटचर्चा घेतली. मिरचीचा मोठा लॉट उचलायचा की नाही, ते तिच्यावर ठरणार होतं. कोडोली-वडगावच्या पाच जणींना आधीच फुकट पाकिटं दिली होती. पुण्याच्या संशोधक बाई प्रश्न विचारणार आणि मी कॅमेरा बंद ठेवून ऐकणार. पडद्यावर माझं नाव दिसत राहिलं, ते काही ध्यानात आलं नाही.

"लई झ्याक मसाला हाय!"

"आमच्यात आता दुसरा चालतच न्हाय की!"

पाचही जणींचं एकच. मी मनातल्या मनात लॉट उचलला.

बाई शांतपणे म्हणाल्या, "आता रोजच्या वापरातला मसाला कॅमेऱ्यासमोर आणा बघू."

पाच बरण्या आल्या. पाचहीत उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेला घरचा मसाला.

"आणि शेठजींचं पाकीट?"

वडगावच्या शबानाभाभींनी दाखवलं. सीलबंद. बाकी चौघींचंही तसंच.

"मग झ्याक कसा म्हणालात?"

"अवो बाई, शेठ ऐकत्यात न्हवं! त्यांचं नाव दिसतंय की हितं. तोंडावर कसं सांगायचं?"

लॉट मी सोडून दिला. बाईंनी विचारलं, "अहवालात काय लिहू?"

म्हटलं, "आवडला पाच जणींना, पाकीट फोडलं कुणीच नाही."

हे ऐकणाऱ्या तुम्हालाही एकेक पाकीट दिलंय. फोडलं नसेल तर तसंच सांगा, तोंडदेखलं 'झ्याक' नको; हिशेब खरा ठेवा.