होळीचा दगड चार फूट सरकला

मंगळवार. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. चिंचबाव गल्लीत पालिकेच्या माणसाने लाल रंगाचा डबा उघडला, आणि इक्बाल पिंजारींच्या गादीच्या दुकानात, आतल्या भिंतीवर, दारापासून नऊ फुटांवर एक उभी रेघ मारली.

एवढंच घडलं. गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी. तुमच्या या देवळापासून तीन गल्ल्या पलीकडे.

मंडळी, ऐका! आजचं आख्यान पुराणातलं नाही. राजा नाही, राक्षस नाही. भीती मात्र आहे, आणि ती राक्षसापेक्षा जुनी आहे. आधी एक प्रश्न विचारतो. खोटं बोलणं पाप, हे कुणीही सांगेल. पण खरं ठाऊक असून माणूस गप्प बसला, तर? तोंड उघडलंच नाही, मग पाप लागेल कुठून? सांगा!

पाहिलंत? सगळे गप्प!

असू दे. उत्तर मीही लगेच देत नाही. गोष्ट ऐका. त्या गल्लीचा रस्ता वीस फुटी. तो तीस करायचा, असं ठरलं. मध्यापासून इकडे पंधरा, तिकडे पंधरा. सरळ हिशेब! पण मध्य कुठला? दोन्ही बाजूंचे ओटे, पायऱ्या, पत्रे इतके पुढे आलेले, की रस्त्याला कडच उरली नव्हती. हसू नका! मघाशी देवळात येताना मीही तुमच्याच कुणाच्या तरी ओट्याला ठेचकाळलो!

मग मोजणीवाल्यांनी जुना नकाशा काढला. त्यात लिहिलेलं होतं: रस्त्याचा मध्य, होळीचा दगड.

हा दगड म्हणजे काळा, चपटा, परातीएवढा. फाल्गुनात गल्लीची होळी त्याच्यावर पेटते. एरवी त्याच्यावर कुणी चप्पल ठेवत नाही. मोजणीचे साहेब वाघचौरे, सज्जन माणूस. त्यांनी चारचौघांत विचारलं, "हाच का तो दगड?"

एकतीस दुकानांची गल्ली एका सुरात म्हणाली, "हाच! आमच्या आजोबांपासून हाच!"

इथे चुकले, मंडळी! कुणी लबाडी केली नाही. श्रद्धेने चुकले.

टेप धरला. दगडापासून पश्चिमेच्या भिंती चौदा फूट. पूर्वेच्या भिंती सहा फूट. वाघचौरे कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "पूर्वेच्या दुकानांनी रस्ता खाल्लाय. सगळं अतिक्रमण." पश्चिमेचा फक्त एक फूट जाणार, म्हणजे ओटा आणि दर्शनी भिंत. पूर्वेचे नऊ फूट जाणार. इक्बालभाईंचं दुकान किती खोल? अकरा फूट! उरले दोन. दोन फुटांत गादी सोडा, उशी तरी आडवी होईल का?

गाद्यांची थप्पी बाजूला ओढून ती लाल रेघ मारली. इक्बालभाई एवढंच म्हणाले, "साहेब, ही भिंत मी बांधली नाही. मी भिंतीसकट दुकान घेतलं."

"हरकत असेल तर शुक्रवारी पाचपर्यंत अर्ज द्या," वाघचौरे म्हणाले.

आता समोर बघा. इक्बालभाईंच्या बरोबर समोर पिठाची गिरणी. मालकीणबाई हौसाबाई ढवळे. गल्ली त्यांना हौसाकाकू म्हणते. वय चोपन्न. नवरा नाही. मुलगी रोहिणी आणि ही गिरणी. गिरणीच्या यंत्राचा पाया दारापासून तीन फुटांवर आहे. एक फूट गेला तर ओटा आणि दर्शनी भिंत जाईल, गिरणी चालेल. बाई वाचल्या!

मग मंगळवारी सकाळपासून त्या समोर बघायचं का टाळत होत्या?

पुढचं मला काकूंनी स्वतः सांगितलं, आणि सांगायची परवानगीही दिली. जे मला ठाऊक नाही, ते मी बोलणार नाही.

छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. हौसाबाई तेव्हा अठरा वर्षांच्या, नव्या सूनबाई. त्या वर्षी होळीची ठिणगी उडाली आणि गिरणीपुढची ज्वारीची दोन पोती जळाली. सासरे ज्ञानोबा ढवळे संतापले. होळीनंतरच्या रविवारी, भर दुपारी, गल्ली जेवून पालथी पडलेली असताना, त्यांनी पहार घेतली आणि होळीचा दगड उचकटला. चार फूट पूर्वेला नेऊन बसवला. समोरचं दुकान तेव्हा बंद पडलेलं, तक्रार करायला कुणी नव्हतं. माती मऊ व्हावी म्हणून घागरीने पाणी कुणी ओतलं? या सूनबाईंनी!

"घरातली गोष्ट घरात राहू दे, पोरी," सासरे म्हणाले.

पुढच्या फाल्गुनात कुणी विचारलं नाही? विचारलं ना! ज्ञानोबा म्हणाले, "पाण्याचा पाइप टाकताना हलला असेल." लोक म्हणाले, असेल. आणि नारळ फोडला! त्या वेळचे जाणते आज भिंतीवरच्या फोटोंत आहेत. हे जाणणारं जिवंत माणूस एकच उरलं.

नऊ वर्षांनी समोर इक्बालभाई आले. दुकान कशाचं? कापसाचं! आणि दारात होळी! पण माणूस कधी चकार शब्द बोलला नाही. दर होळीला आपलं शटर ओढायचा, त्यावर ओली पोती टांगायचा आणि बादली घेऊन उभा राहायचा. पोरं ओरडायची, "इक्बालमामा, घाबरलात?" तो म्हणायचा, "मी नाही रे. माझा कापूस घाबरतो!" अशा सत्तावीस होळ्या गेल्या. आणि समोरून काकू बघत होत्या.

बुधवारी सकाळी तो गव्हाचा डबा घेऊन गिरणीवर आला. नेहमीसारखाच.

"काकू, जाडसर काढा. अम्मीला बारीक पीठ चालत नाही."

काकूंनी खाली मान घालूनच डबा घेतला.

"काकू, एक बोलू? तुमचं वाचलं, बरं झालं. गल्लीत निदान पीठ तरी मिळेल."

"इक्बाल, तुझं कसं रे?"

"बघू. साहेब म्हणतात, मी रस्ता खाल्ला. बायकोने विचारलं, कधी खाल्ला? मी म्हटलं, दगड सांगतो ना! देवाचा दगड. तो कशाला खोटं बोलेल?"

मंडळी, गिरणी सुरू होती म्हणून बरं. बाईच्या तोंडून काय निघालं, ते पट्ट्याच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही!

दुपारी काकूंनी रोहिणीला सगळं सांगितलं. पोरीने आधी हिशेब विचारला.

"आई, दगड मूळ जागी धरला तर आपले किती जातील?"

"पाच. दोन्हीकडचे पाच-पाच."

"म्हणजे पाया गेला. गिरणी गेली."

"त्याचे सहा फूट राहतील, रोहिणी."

"त्याचे राहतील! आणि आपल्या बाजूच्या सतरा दुकानांचा एकेक फूट जायचा, त्याऐवजी पाच-पाच जातील. कुणामुळे? तुझ्यामुळे! आई, ती माणसं आपलीच होळी करतील. कुणी तुला विचारलंय का? नाही ना? मग गप्प बस."

कुणी विचारलं नाही, मग गप्प बस! किती सोयीचं वाक्य आहे. आपण सगळे या वाक्याच्या सावलीत संसार करतो. कुणी विचारलं नाही!

आणि पोरगी काही वाईट नाही हो! तिची भीती खोटी नव्हती. त्या दिवसापासून दारात टेप सरकल्याचा आवाज आला, की काकू हातातलं काम टाकायच्या. बाहेर बघावं, तर शेजारचा शिंपी कापड मोजतोय!

गुरुवारी संध्याकाळी, सहाच्या सुमाराला, इक्बालभाई पुन्हा आला. हातात घडी घातलेली पोती. तीच, होळीची.

"काकू, ही ठेवा तुम्हाला."

"मला कशाला?"

"मी जाईन तिथे दारात होळी असेल की नाही, कुणास ठाऊक. तुमच्याकडे धान्य असतं. वारा फिरला की ठिणगी तुमच्याकडेसुद्धा येते ना! शटरला ओली करून लावा. लवकर वाळत नाहीत, बघा."

पोती ओट्यावर ठेवून तो गेला. काकू त्या पोत्यांकडे बघत बसल्या. ज्या ठिणगीच्या भीतीने त्यांच्या घराने दगड दुसऱ्याच्या दारात ढकलला, त्याच ठिणगीपासून वाचायला तो दुसरा आपली पोती देऊन गेला!

शुक्रवार. दुपारचे चार वाजून चाळीस मिनिटं. हरकतींच्या खिडकीवर हौसाबाई ढवळे. अर्ज रोहिणीच्या हातचा. हो, तिनेच लिहून दिला! रडत लिहिला, पण लिहिला.

कारकुनाने अर्ज वाचला. वर बघितलं. परत वाचला.

"बाई, तुमची बाजू पश्चिमेची. तुमचं तर वाचलंय. मग हरकत कशाला?"

"तेवढ्यासाठीच."

"पुरावा काय?"

"राख," काकू म्हणाल्या. "दगड हलवला, राख कुणी हलवली नाही. आत्ताच्या जागेपासून चार फूट पश्चिमेला खणा. जिथे राख खोलवर लागेल, तिथे मध्य."

कारकुनाने शिक्का मारला आणि हळूच विचारलं, "काकू, घरी विचारलंत ना?"

काल, मंगळवारी, सुनावणी झाली. दोन्ही बाजूंसमोर काकू उभं राहून सगळं बोलल्या. सासऱ्यांचं नाव घेतलं. घागरीचंही सांगितलं, लपवलं नाही. खोलीत सतरा माणसं एका बाजूला, चौदा दुसऱ्या बाजूला. पश्चिमेकडून कुणीतरी म्हणालं, "म्हातारीला आत्ताच कसं आठवलं?" पूर्वेकडून टाळी वाजली नाही, मंडळी. कुणी शाबास म्हटलं नाही. त्यांनाही भीती होती: राख निघाली नाही तर?

आणि इक्बालभाई? तो काकूंकडे बघत राहिला. सत्तावीस होळ्यांची बादली त्याला आठवली असेल. बाहेर पडला आणि सरळ दुकानात गेला.

आज बुधवार. सकाळी काकूंनी दार उघडलं, तर ओट्यावर लाल रंगात मोठा आकडा: पाच. पालिकेने काढलेला नाही. मी विचारून घेतलं. आज दिवसभरात गिरणीवर पश्चिमेचा एकही डबा आला नाही. इक्बालभाईंचाही नाही.

दुपारी चारला फरशा उचकटल्या. खणायला सुरुवात. फूटभर मुरूम निघाला. दीड फुटावर माती काळी झाली. लोक वाकले. एक म्हणाला, राख! दुसरा म्हणाला, छे, गटाराचा गाळ, तोही काळाच असतो! वाघचौरेंनी चिमटीत घेतली, चोळली, वास घेतला आणि म्हणाले, "उजेड कमी झालाय. उद्या अकराला, दोन्ही बाजूंसमोर आणखी खोल खणू. तोवर खड्डा झाका."

झाकायला काही मिळेना. कुणी दार उघडेना. काकूंनी घरातून तीच, इक्बालभाईंची पोती आणली आणि भिजवून खड्ड्यावर पसरली.

मंडळी, गोष्ट इथवरच ठाऊक आहे. मी शेवट रचत नाही, कारण तो अजून झालेला नाही. पण माझा प्रश्न तसाच आहे. आणि सोमवारी सकाळी सातला हाच टेप, हाच लाल डबा तुमच्या या गल्लीत येणार आहे. नोटीस देवळाच्या दारावर लागली आहे. येताना तुम्ही वाचलीत, आणि वाचून एकमेकांच्या ओट्यांकडे बघितलंत. मी पाहिलं!

तुमच्यातही कुणीतरी एक असेल. कुंपण कधी सरकलं, कोनाडा कधी बुजवला, पायरी कुणाच्या जागेत उतरली, हे ज्याला ठाऊक आहे असा. तो या क्षणी इथेच बसलाय. मान खाली घालून. मी नाव विचारणार नाही. वाघचौरेही विचारणार नाहीत. ते फक्त म्हणतील, "हाच का तो?" आणि तुम्ही एका सुरात उत्तर द्याल.

टाळकऱ्यांनो, अजून नको. थांबा.

इथे यायच्या आधी, सहा वाजून वीस मिनिटांनी, मी त्या गल्लीतून आलो. दोन्हीकडची शटरं ओढलेली. काकू ओट्यावर, त्या लाल आकड्याच्या शेजारी बसलेल्या. समोर इक्बालभाई शटर अर्धं उघडून उभा. दोघांमध्ये खड्डा. पोती अजून ओली होती.